मी बंद पडत नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना पॉवर सप्लाय आहे आणि मी रागावलेलो आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा गोड बोलतात. त्यांचा गळा दाटून येतो आणि शेवटी त्या सगळ्यांना माफ करून टाकतात. मला ते जमणार नाही. ज्यांना गोड ऐकायचे असेल त्यांनी एखाद्या जुन्या छत्रीकडे जावे.

पॉवर सप्लाय म्हणजे काय, हे तुमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसणार. कॉम्प्युटरच्या लोखंडी खोक्यात, मागच्या कोपऱ्यात, पत्र्याची एक चौकोनी पेटी असते. तिच्यातून रंगीबेरंगी तारांचा झुपका निघतो. ती पेटी म्हणजे मी. भिंतीतून येणारी वीज दांडगट असते. ती तशीच आत सोडली तर कॉम्प्युटरचे नाजूक भाग क्षणात जळून जातील. मी ती अंगावर घेतो, तिला वठणीवर आणतो आणि ज्याला जेवढी झेपेल तेवढीच वाटून देतो. या कामात अंग तापते. म्हणून मला स्वतःचा एक पंखा दिलेला असतो. तो आतली गरम हवा बाहेर फेकतो. माणसाला जसे नाक, तसा मला तो पंखा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या तपासणीच्या बाईचा चेहरा मला अजून आठवतो. तिने मला एका गरम खोलीत ठेवले, माझ्यावर झेपेल त्याहून जास्त ओझे टाकले आणि माझा पंखा मुद्दाम अडवून धरला. अंग एका हद्दीपलीकडे तापले, तेव्हा मी आपोआप वीज तोडली. बाईने मान डोलावली. शेजारणीला म्हणाली, "हा शहाणा आहे. जळण्याआधी थांबतो." मग तिने माझ्या अंगावर एक कागदी पट्टी चिकटवली. तिच्यावर लिहिले होते, 'हे झाकण उघडू नये.' मित्रांनो, ही पट्टी शोभेची नसते. कॉम्प्युटर बंद असला तरी माझ्या पोटात जोराचा झटका देण्याइतकी वीज उरलेली असते. तुम्ही असले धाडस कधी करू नका.

त्यानंतर कितीतरी वर्षे मी एका छपाईच्या दुकानात काढली. लग्नपत्रिका, जाहिराती, दुकानांच्या पाट्या, सगळे माझ्या जिवावर छापले गेले. मालक माझे कौतुक करायचा. म्हणायचा, "बाकी सगळे भाग बदलून झाले, हा मात्र ठणठणीत आहे." एवढ्या वर्षांत मी एकदाही मध्येच थांबलो नाही, कारण थांबण्याची वेळच आली नाही. मालक थकला, दुकान बंद झाले, आणि सामानाच्या ढिगातून मला छोटूने उचलले.

छोटू म्हणजे चांगला बाप्या माणूस. डोक्यावर टक्कल पडू लागले होते, तरी घरात सगळे त्याला छोटूच म्हणत. तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. दिवसभर मोहरीएवढे स्क्रू फिरवून फिरवून त्याला असे वाटू लागले होते की जगात ज्याला स्क्रू आहे ते सगळे आपल्याला उघडता येते. त्याने ठिकठिकाणचे भाग गोळा केले आणि जेवणाच्या टेबलावर स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला. खोके एकाकडचे, डिस्क दुसऱ्याकडची, मी तिसऱ्याकडचा. त्याची बायको लाँड्रीत कामाला होती. तिने दारातूनच पाहिले आणि म्हणाली, "चार घरची भांडी जमवून संसार मांडलाय इंजिनिअरसाहेबांनी."

पण संसार चालला. पहिल्या दिवशी बटण दाबताच आम्ही सगळे एकदम सुरू झालो. छोटू खुर्चीत बसून नुसता बघत राहिला. त्या घरातली पहिली दोन वर्षे सुखाची होती.

आता ताईबद्दल सांगतो, कारण हे सगळे तिच्यापायी आहे.

ताई म्हणजे छोटूची मोठी बहीण. ती भावाकडे राहायची असे लोक म्हणत, पण घर तिचे होते; भाऊच तिच्याकडे राहायचा. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. गाडी वळणापलीकडे असली तरी तिचा आवाज आधी घरात पोचायचा. "क्लच दाब. अरे, क्लच म्हटलं मी, ब्रेक नाही." शिकणाऱ्याने तीच चूक पुन्हा पुन्हा केली की ती गाडी कडेला घ्यायला लावायची आणि म्हणायची, "उतर. उतर खाली गाडीतून." उतरलेला माणूस दुसऱ्या दिवशी मुकाट्याने परत यायचा, कारण तिच्या हाताखाली शिकलेले लोक परीक्षेत सहसा नापास होत नसत. संध्याकाळी ती माझ्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या दिवशीच्या वेळा लावायची आणि लावता लावता माझ्याशीही भांडायची. मला ते आवडायचे. तिच्या रागात खोट नव्हती.

मग तिच्या घशात गाठ निघाली.

डॉक्टरांनी सरळ सांगितले. ऑपरेशन करावे लागेल, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावे लागेल. म्हणजे आवाज जाईल, कायमचा. घरी आल्यावर छोटूची बायको रडली, छोटू गॅलरीत जाऊन उभा राहिला. ताई कॉम्प्युटरसमोर बसली. म्हणाली, "म्हणजे आता मी ओरडायचं कसं?"

रुग्णालयात बोलण्याचे उपचार करणारी एक तरुण बाई होती. तिने मार्ग काढला. ऑपरेशनच्या आधी ताईने शेकडो वाक्ये स्वतःच्या आवाजात वाचून ठेवायची. त्या आवाजावरून एक यंत्र तिचा आवाज शिकेल. मग ऑपरेशननंतर ताई जे टाइप करील ते यंत्र तिच्याच आवाजात बोलून दाखवील. ही वाक्ये रुग्णालयातच वाचायची सोय होती, पण तिथल्या बंद खोलीत नंबर लागायला ऑपरेशननंतरची तारीख मिळत होती. गाडी शिकवण्याच्या शाळेतला कॉम्प्युटर रस्त्याला लागून होता, दिवसभर हॉर्न. म्हणून बाईने एक चांगला माइक दिला आणि म्हणाली, "घरीच वाचा. पण लवकर. गाठीमुळे आवाज रोज थोडा थोडा बसत जाणार. आज जसा आहे तसा पुढच्या आठवड्यात नसेल."

ताईने पडद्यावरची वाक्ये वाचली. 'आज हवा छान आहे.' 'कृपया मला थोडे पाणी द्या.' 'मला खिडकीजवळ बसायला आवडते.'

"ही कोणाची वाक्यं आहेत?" ती म्हणाली. "मी जन्मात कोणाला कृपया म्हटलेलं नाही."

"ताई, यातून सगळ्या अक्षरांचे उच्चार मिळतात," बाई म्हणाली. "मग तुम्ही काहीही बोलू शकाल."

"रागावू शकेन?"

बाई खोटे बोलली नाही. म्हणाली, "शब्द रागाचे टाइप करता येतील. सूर मात्र असाच शांत येईल."

ताई उठली. माइक घेतला आणि घरी आली.

पहिला नमुना वाचून पाठवला, तर बाईचा निरोप आला की मागे काहीतरी घुमते आहे, खोली आणखी शांत करा. मित्रांनो, इथून पुढे जे झाले ते सांगताना अजून माझ्या अंगाची लाही होते. छोटूने सगळ्या खिडक्या लावल्या. फटीत स्पंज कोंबले. भिंतींना रजया टांगल्या. कॉम्प्युटर उचलून चपलांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात नेऊन ठेवला, वरून जाड चादर टाकली आणि कपाटाचे दार लावून घेतले. तारा तेवढ्या फटीतून बाहेर. तरी बारीक घुमणे ऐकू येतच होते. त्याने कप्प्यात डोके घालून कान लावून पाहिले. ते घुमणे माझ्या पंख्याचे होते.

ताई तेव्हा बाहेर गेली होती, बायको लाँड्रीत. छोटूने चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर काढला, 'हे झाकण उघडू नये' ही पट्टी नखाने खरवडून काढली आणि मला उघडले. माझ्या पंख्याची छोटी पिन ओढून काढली. मग झाकण परत लावले, चारही स्क्रू नीट घट्ट केले, चादर टाकली, दार लावले. माझे नाक दाबून मला गोधडीत गुंडाळले, असे म्हणा. ताई घरी आल्यावर तो म्हणाला, "बघ आता. सुई पडली तरी ऐकू येईल." ताईने त्याच्या पाठीवर थोपटले. त्याने काय केले ते तिने विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

ताई वाचायला बसली. त्या पहिल्या दिवसांत तिचा आवाज खणखणीत होता. थोडा घोगरा झाला असेल, पण तो तिचाच होता. वाक्यांचे संच केलेले होते. एक संच पूर्ण वाचून झाला की मगच तो साठवला जाई. मध्येच कॉम्प्युटर बंद पडला तर त्या संचातले सगळे पुसले जाई, पहिल्या वाक्यापासून पुन्हा.

आणि मी बंद करू लागलो.

नीट ऐका, मी बंद पडत नव्हतो, मी बंद करत होतो. त्या कोंडलेल्या कप्प्यात, पंख्याशिवाय, माझे अंग भट्टीसारखे तापत होते. कारखान्यात मला जे शिकवले होते तेच मी केले. मी थांबलो नसतो तर आतले सगळे जळले असते, चादरीने पेट घेतला असता आणि त्या बंद खोलीत ताई बसलेली होती. मी तिला वाचवत होतो. आणि बाहेर खुर्चीवर ती काळ्या पडद्याकडे बघत घशाला हात लावून बसलेली असायची. संचाची शेवटची चार वाक्ये उरलेली असायची. कधी शेवटचे एकच. पुन्हा थोड्या वेळाने बटण दाबले की मी निमूट सुरू व्हायचो, कारण तोवर निवलेलो असायचो. म्हणून सगळे म्हणू लागले, याचा काही भरवसाच नाही, हा मनाला येईल तेव्हा बंद पडतो.

मग सुरू झाली शोधाशोध. तिचा नुसता पाढा वाचला तरी मला राग येतो.

छोटूने आधी भिंतीतल्या सॉकेटवर खापर फोडले. ते बदलले. मग एक्सटेन्शन बोर्ड बदलला. मग म्हणाला व्हायरस असेल, आणि सबंध रविवार त्यात घालवला. मग कॉम्प्युटर कपाटातून काढला, टेबलावर ठेवला, बाजूचा पत्रा उघडला, मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात पेन्सिलीच्या खोडरबराने घासले, फुंकर मारली, परत बसवली. पत्रा उघडाच ठेवून, खिडकी उघडी ठेवून, दिवसभर कॉम्प्युटर चालवून पाहिला. एकदाही बंद पडला नाही. पडेल कसा? उघड्यावर वारा लागत होता. छोटूने टाळी वाजवली. म्हणाला, "मेमरीच होती. मी म्हटलंच होतं." पत्रा लावला, कपाटात ठेवला, चादर टाकली, दार लावले. ताई वाचायला बसली आणि अर्ध्या संचात पडदा काळा.

असे किती वेळा झाले ते विचारू नका. दर वेळी बिघाड शोधायला खोके उघडायचे, उघडले की बिघाड नाहीसा, आणि बिघाड नाहीसा झाला म्हणून पुन्हा कोंडायचे. प्रोसेसरला थंड राखणारी सुकलेली पेस्ट पुसून नवी लावली. बटणाची तार बदलली. निर्दोष मेमरीची पट्टी काढून तिच्या जागी दुसरी बसवली. ती बिचारी आमच्याबरोबर दोन वर्षे राबली होती, तिला एका जुन्या मोज्यात टाकून दिले. आम्ही आत सगळे एकमेकांकडे बघत होतो, आता कोणाची पाळी. आणि ज्याने माझी पिन काढली तो माणूस रोज स्वतःच्या हाताने पत्रा काढून मला उघड्या डोळ्यांनी पाहत होता.

शेवटी तो कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात आम्हाला घेऊन गेला. तिथेही काउंटरवर, पत्रा काढून, वरचा पंखा जोरात फिरत असताना आमची परीक्षा झाली. आम्ही व्यवस्थित चाललो. दुकानदाराने विचारले, "आत कोणी काही छेडलंय का?"

छोटू म्हणाला, "छे. काहीच नाही."

मी तिथेच होतो, मित्रांनो. मला तोंड असते तर त्या दुकानात मी काय बोललो असतो ते मुलांसमोर सांगता येणार नाही. छोटूला तेव्हा संशय आला नव्हता असे मी मानत नाही. मान खाली घालून तो माझ्याकडेच बघत होता. पण कबूल करायचे म्हणजे आपण बहिणीचे इतके दिवस वाया घालवले हेही कबूल करायचे, आणि ते त्याच्याने होईना. दुकानदाराने माझ्यावर बोटाने टकटक केली आणि म्हणाला, "मग हाच असणार. जुना झालाय. नवा मागवतो, आठवड्याने येईल. हा फेकून द्या."

आठवड्याने ऑपरेशन होते.

त्या पहिल्या चांगल्या दिवसांतला एकही संच साठला नव्हता. ताईचा आवाज रोज उतरत होता. सकाळी जो असायचा तो दुपारी नसायचा. कोमट पाणी पिऊन, घसा शेकून ती पुन्हा तेच वाचायची, 'आज हवा छान आहे.' आवाज फाटायचा, ती थांबायची, पुन्हा वाचायची. छोटूची बायको कधी वाटी घेऊन उभी राहायची. "वन्सं, आज राहू द्या." ताई नकारार्थी मान हलवायची. बोलून दाखवण्यात आवाज घालवणे तिने बंद केले होते. घरातल्या घरात ती खुणा करायची आणि उरलेला सगळा आवाज माइकसमोर खर्च करायची. त्यातलाही बहुतेक माझ्या गरम पोटापुढे वाया जात होता.

त्या दुपारी छोटूच्या बायकोला लाँड्रीत जायला उशीर झाला होता. ताई वाचत होती, छोटू तिच्या शेजारी स्टुलावर बसला होता. बायकोच्या चपला कपाटात, खालच्या कप्प्यात, माझ्या मागे. तिने आवाज न करता दार उघडले, वाकली, चादर सरकवली आणि चपलांसाठी हात घातला. तिचा हात माझ्या पत्र्याला लागला.

"आई गं," ती ओरडली. "अहो, हा तर इस्त्रीसारखा तापलाय."

ताई वाक्याच्या मध्येच थांबली. पडद्यावर 'मला खिडकीजवळ बसायला आवडते' हे वाक्य होते. बायको बोटे फुंकत माझ्या मागच्या जाळीपुढे तळहात धरून पाहत होती. "इथून वारा नाही येत. लाँड्रीतल्या कॉम्प्युटरला मागून वारा येतो. याला पंखा नाही का हो?"

छोटू काही बोलला नाही. तो बोलत नाही म्हटल्यावर ताईने त्याच्याकडे पाहिले. तिने लोकांना आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून ओळखले होते. चूक करून गप्प बसलेला माणूस तिला लगेच कळायचा.

"पंखा मी काढलाय," छोटू म्हणाला. "म्हणजे पिन काढलीये. तो घुमत होता. तुझा आवाज स्वच्छ यावा म्हणून केलं गं ताई. मला वाटलं, एक छोटा पंखा नाही फिरला तर काय होतंय."

"कधी?" ताईने विचारले. इतक्या दिवसांत तिने त्याच्याशी उच्चारलेला तो पहिला शब्द होता.

"पहिल्याच दिवशी."

मग ताईला जो राग आला, तो मी कधी विसरणार नाही. तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिले. ती उभी राहिली. आणि कुठून आला कोणास ठाऊक, तिचा जुना आवाज वर आला, वळणापलीकडून ऐकू येणारा, एकही चीर नसलेला.

"छोट्या, रेडिएटर काढून गाडी घाटात पाठवतोस आणि वर गाडीलाच शिव्या घालतोस? मी इथे रोज घसा फाडून वाचतेय, आणि तू शेजारी बसून बघतोस? पंखा काढलास तर काढलास, सांगायला तुझी जीभ झडली होती? चूक सगळ्यांकडून होते, माझ्या गाडीत रोज होते. पण चूक करून गप्प बसणाऱ्याला मी गाडीत ठेवत नाही. उतर. उतर खाली गाडीतून."

गाडी कुठेच नव्हती. तरी छोटू स्टुलावरून खरोखरच उठला आणि बाजूला उभा राहिला. त्याची बायकोही कपाटापासून दोन पावले मागे सरकली.

ताई धापा टाकत खाली बसली. तेव्हा तिचे लक्ष पडद्याकडे गेले. कोपऱ्यातला लाल ठिपका अजून लुकलुकत होता. माइक चालूच होता. सगळे काही 'मला खिडकीजवळ बसायला आवडते' या वाक्याच्या जागी नोंदले जात होते. छोटू ते पुसायला हात पुढे करणार, तोच तिने त्याच्या हातावर चापट मारली. 'पुढे' हे बटण दाबले आणि उरलेली वाक्ये दात ओठ खात वाचून काढली. कपाटाचे दार सताड उघडे होते, चादर जमिनीवर पडली होती, मला श्वास मिळत होता. मी थांबलो नाही. तो संच साठला.

त्यानंतर छोटूने माझी पिन परत बसवली. मला त्याची दया आली नाही. चादर निघाली, कॉम्प्युटर पुन्हा टेबलावर आला, माझा पंखा घुमू लागला आणि मी एकदाही वीज तोडली नाही. ताईने उरलेल्या दिवसांत वाचून वाचून सगळे संच पुरे केले, शेवटचा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. पण तोवर तिचा आवाज पार बसला होता. कागदावर कागद घासल्यासारखा येत होता.

आणि सगळ्यांत जास्त राग मला ज्याचा येतो ते आता सांगतो. ताईने रुग्णालयात ते संच दिले तेव्हा छोटूने भीत भीत विचारले, "मागे पंख्याची घरघर आलीये. चालेल ना?" बाई म्हणाली, "एकसारखी घरघर असेल तर काही हरकत नाही, ती आम्ही काढून टाकतो. मी पहिल्या वेळी म्हटलं ते खोलीतल्या घुमण्याबद्दल. मोकळ्या भिंतींमुळे आवाज घुमत होता. रजया लावल्यात तेवढं पुरे होतं." मित्रांनो, ज्या घरघरीसाठी माझे नाक दाबले ती कोणाला खुपतच नव्हती. एकदा विचारले असते तर पुरले असते. एक फोन. छोटूने तो केला नाही, कारण त्याला सगळे कळत होते.

ऑपरेशन नीट झाले. ताई घरी आली. आता ती एका छोट्या पडद्यावर टाइप करते आणि यंत्र बोलते. आवाज तिचाच आहे, पण शेवटच्या आठवड्यातला आहे, दमलेला, खरखरीत. शेजारी म्हणतात, काय छान सोय झाली. ताई 'मूर्खा' असे टाइप करते, तेव्हा यंत्र ते 'कृपया पाणी द्या'च्या सुरात म्हणते आणि समोरचा माणूस हसतो. तिला ते सहन होत नाही. तिला लोकांनी घाबरायला हवे असते.

म्हणून तिने एक बटण ठेवून घेतले आहे. 'मला खिडकीजवळ बसायला आवडते' हे वाक्य यंत्राला शिकवताना निरुपयोगी ठरले, बाई ते पुसणार होती, ताईने पुसू दिले नाही. त्यातले तिचे ओरडणे तेवढे जसेच्या तसे एका बटणावर बसवून घेतले, नावही तेच राहू दिले. ती पुन्हा गाडी शिकवायला जाते. शिकणाऱ्याने तीच चूक पुन्हा पुन्हा केली की गाडी कडेला घ्यायला लावते आणि ते बटण दाबते. त्या लोकांना छोट्या कोण, पंखा कसला, काही कळत नाही. पण सगळे मुकाट्याने गाडीतून उतरतात.

मी आता माळ्यावर आहे. त्या दिवसांत तापून तापून माझ्या पोटातले भाग फुगले, आणि थोड्या दिवसांनी मी खरोखरच संपलो. माझ्या जागी नवा आला. त्याचा पंखा मोठा आहे आणि त्याला कोणी हात लावत नाही. माझा राग मात्र संपलेला नाही, आणि तो संपवायची मला घाईही नाही. तुमच्याकडे एखादी वस्तू सारखी सारखी थांबत असेल तर तिला नालायक ठरवण्याआधी तिच्या अंगाला हात लावून बघा. तिच्यातले काही आपणच काढून घेतले आहे का ते आठवा. आठवले तर लगेच सांगून टाका, कोणी कितीही ओरडले तरी. ओरडणे ऐकून घेता येते. गेलेले दिवस काही केल्या परत येत नाहीत.

छोटू हे जाणतो. ताई आंघोळीला गेली की कधी कधी तो तिचा पडदा उचलतो. त्यात शेकडो वाक्ये आहेत आणि सगळी त्या खरखरीत आवाजातली आहेत. तिचा खरा, भरलेला आवाज एकाच ठिकाणी उरला आहे. छोटू 'मला खिडकीजवळ बसायला आवडते' हे बटण दाबतो, मान खाली घालून उभा राहतो आणि बोलणी संपेपर्यंत तिथून हलत नाही.